भीतीचा रंग कोणता?



सिनेमात भीती कशानं वाटते?
फक्त भुतानं नाही.
जागेनं, उजेडानं आणि रंगानंही.

2018 सालचा 'तुंबाड' आठवा.
दिग्दर्शक, राही अनिल बर्वे.
छायालेखक, पंकज कुमार.

तुंबाड गावात पावसाला खंड नाही.
आभाळ कायम भरलेलं.
वाड्याच्या भिंती ओल्या, काळवंडलेल्या.
ऊन कुठंच नाही.
बघणाऱ्याचं मनही दडपून जातं.

मग सिनेमाचा नायक विनायक दोर धरून विहिरीत उतरतो.
खाली सगळं लाल.
भिंती जणू जिवंत मांसाच्या!
करड्या रंगातून एकदम लालात.
कुणी काही बोलत नाही,
तरी आपण सावरून बसतो.

पुन्हा सांगतो.
मनावर परिणाम नुसता अभिनय करत नाही.
जागा, उजेड आणि रंगही करतात.

पुढचा सिनेमा बघाल,
तेव्हा नटामागची भिंतही जरूर बघा.