सहकाऱ्यास अप्रिय सांगण्याची वेळ



संस्था चालविणाऱ्यास विरोधकाशी बोलणे सोपे असते. जड जाते ते आपल्याच सहकाऱ्यास "हे बरोबर झाले नाही" असे सांगणे. वसतिगृहाचा हिशेब दोन वर्षे सभेपुढे आला नाही, तर त्याची चर्चा पानठेल्यावर होते, लग्नाच्या मांडवात होते. ज्यांच्याकडे वही आहे त्या गृहस्थांच्या कानी मात्र ती सर्वांत शेवटी, आणि तीही तिखटमीठ लावून जाते. मग एकाएकी ठराव येतो, हात वर होतात, आणि हरलेला पक्ष पुढच्या वर्षी दुसरी संस्था काढतो. आपल्या समाजात संस्थांची संख्या का वाढते, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे!

याचा उपाय शोधण्यास दूर जावयास नको. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात व बोलणे चालू ठेवतात. दारूसारख्या घराघरांत कलह लावणाऱ्या प्रश्नावरही त्यांनी हीच वाट धरली. देवाजी तोफा व त्यांचे अभ्यासू स्नेही मोहन हिराबाई हिरालाल यांनी तेथे अभ्यासगटाची प्रथा रुजविली. या गटास निर्णयाचा अधिकार नाही. तेथे केवळ समजून घ्यावयाचे असते. मला यातील मर्म येथेच दिसते. हारजीत नसली म्हणजे मनुष्य आपली अडचण मोकळेपणाने मांडतो. या रीतीने कामे रेंगाळतात, हे खरे. परंतु याच गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही मिळविला.

आपल्या घटनेतील बहुमताचे कलम काढावे, असे माझे म्हणणे नाही. मात्र हिशेबाचा विषय मताला टाकण्यापूर्वी अध्यक्षांनी त्या सहकाऱ्याच्या घरी एकट्याने जावे, वही मागण्याआधी अडचण विचारावी. कित्येकदा पावत्या सर्व असतात, त्या मांडून देणारा मनुष्य नसतो. तसे नसेल, तर आपला संशय तेथेच स्पष्ट बोलावा आणि सभेतही तेच शब्द उच्चारावेत. येत्या बैठकीस अद्याप अवकाश आहे. तेवढ्यात हे होऊ शकेल.