उन्हाळ्यांच्या वाटेवर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कोकणात ‘उन्हाळे’ म्हणजे ऊन पाण्याचा झरा. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही गावांची नावेच त्याची साक्ष देतात. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापुरापर्यंत, सह्याद्री आणि सागर यांच्यामधील सुमारे ३०० किलोमीटरांच्या पट्ट्यात ही कुंडे जणू ओळीने मांडलेली आहेत.

गेल्या माघात नातवंडांसह मी या वाटेने गेलो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर लाटांनी कोरलेला, छिद्राछिद्रांचा काळा कातळ त्यांनी पाहिला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचे हे थर, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी संगमेश्वर तालुक्यातील तुरळच्या कुंडावर वाफ पाहताच धाकट्याने विचारले, “आजोबा, म्हणजे खाली ज्वालामुखी अजून आहे?”

प्रश्न रास्त होता. पण उत्तर ‘नाही’ असे आहे. तो अग्नी केव्हाच निवाला. हे पाणी आहे ते मुख्यत्वे कोकणच्या पावसाचे. पश्चिम किनाऱ्याला साधारण समांतर असे खोल भंग खडकात पडलेले आहेत. त्यांतून पावसाचे पाणी झिरपत खाली उतरते. पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरला उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. म्हणजे दीड-दोन किलोमीटर खोल गेलेले पाणी कोणत्याही ज्वालामुखीवाचून तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवऱ्याचे पाणी ७० अंश सेल्सियसच्या आसपास असते. आरवलीचे मात्र अंगाला सोसवेल असे. वाटेत खडकातले क्षार त्यात विरघळतात. काही ठिकाणी येणारा गंधकाचा वासही भूगर्भातलाच.

हे ऐकून नातू किंचित हिरमुसला. मला मात्र हे सत्य ज्वालामुखीहून अधिक अद्भुत वाटते. आपल्या पूर्वजांनी कुंडाकाठी देवळे उभारली, स्त्री-पुरुषांसाठी निरनिराळी कुंडे बांधली, त्यामागे कृतज्ञता होती. कारण कळल्याने ती उणी होण्याचे कारण नाही.

उलट, जबाबदारी वाढते. ज्वालामुखीला माणसाची पर्वा नसते; पण या झऱ्याची वाट नाजूक आहे. ज्या डोंगरउतारांवर पाऊस मुरतो ते बोडके झाले, भोवती बेसुमार विंधनविहिरी खोदल्या गेल्या, तर झऱ्याचे बळ ओसरू शकते. एका कुंडावर साबणाचा फेस आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगताना पाहून मी स्नान न करताच परतलो. नातवाने मात्र काठीने दोन पिशव्या बाहेर काढल्या. मला ते सुचले नव्हते.

महाराष्ट्राबाहेर राहणारी आपली मुले सुटीत गावी जातात, देवदर्शन करतात आणि परततात. त्यांना एकदा या उन्हाळ्यांवर न्या. उगमाशी पाणी भाजते, म्हणून आधी हाताने अदमास घ्या, आणि मग त्यांना सांगा, की हा आपल्याच डोंगरांवर पडलेला पाऊस आहे. फार खोल जाऊन, ऊब घेऊन तो परतला आहे.