कांद्याच्या मुळाचे टोक

तुकोगंजातल्या आमच्या घरी कंदमुळे वर्ज्य. पण तुम्ही एक कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवा. तीन-चार दिवसांत मुळे फुटतील. टोकाचे एक-दोन मिलिमीटर कापून, ॲसिटोकार्मिनने रंगवून, काचेखाली दाबून सूक्ष्मदर्शकातून पाहा. विभागणाऱ्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात. याच मुळांवर अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये कोल्चिसिन वापरले. (आम्हा होमिओपॅथांचे कोल्चिकम त्याच वनस्पतीचे!) त्याने विभाजन मध्येच अडते, गुणसूत्रे सुटी मोजता येतात. पुढे 1956 मध्ये जो हिन चियो आणि लेव्हान यांनी कोल्चिसिन वापरूनच माणसाची गुणसूत्रे मोजली. पुस्तके 48 सांगत होती, निघाली 46. तीन वर्षांनी डाउन सिंड्रोमच्या मुलांत 47 आढळली. अशा मुलाच्या आईला ‘तुमचे काही चुकलेले नाही’ हे मी त्याच 47 च्या आधारावर सांगतो.