नायट्रेट गेलं, पण नायट्रोजन कुठे गेला?



बोअरवेलचं पाणी नितळ आहे, चवीलाही गोड आहे. म्हणजे ते चांगलंच असेल का? तसं सांगता येत नाही, कारण नायट्रेटला रंग नसतो आणि वासही नसतो. युरिया, उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून ते पावसाबरोबर जमिनीत उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ४४० जिल्ह्यांच्या भूजलात ते मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. राजस्थान, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्रही त्यात आहे.

आपल्याकडे मर्यादा आहे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला. अशा पाण्यात दुधाची पावडर कालवली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते आणि बाळ निळं पडतं. अमेरिकेतल्या आयोवाचे डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध दाखवला. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं.

मग लोखंडाचे नॅनोकण काय करतात? गुळाचा खडा पाण्यात टाकला तर सावकाश विरघळतो, किसून टाकला तर लगेच. कारण किसल्यावर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. लोखंडाचं तसंच. कण जितके बारीक, तितकी क्रिया वेगानं होते. लोखंड इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः गंजतं. नायट्रेट आपला ऑक्सिजन गमावतं. प्रयोगशाळेत पाहता पाहता नायट्रेट उतरतं.

पण इथेच थांबून हिशेब करायला हवा. नायट्रेट गेलं, तरी त्यातला नायट्रोजन नाहीसा होत नाही. त्याचा बहुतांश भाग अमोनिया होऊन पाण्यातच राहतो. १०० मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये सुमारे २२ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. पिण्याच्या पाण्यात अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनची मर्यादा आहे फक्त अर्धा मिलिग्रॅम! शिवाय कणांवर गंजाचा थर चढला की ते मंदावतात. आम्ल कमी असलेल्या पाण्यात तर मुळातच मंद असतात.

म्हणून संशोधक लोखंडाला तांब्याची किंवा पॅलेडियमची जोड देऊन पाहतात, जिवाणूंची मदत घेतात. हेतू एकच, नायट्रोजन वायू होऊन हवेत जावा. हवेत तो निरुपद्रवी आहे; आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७८ टक्के भाग तोच आहे.

आरओ यंत्र नायट्रेट बऱ्यापैकी काढतं, पण तेही नष्ट करत नाही. ते टाकाऊ पाण्यात जातं, आणि ते पाणी अंगणात सोडलं की पुन्हा जमिनीत.

तेव्हा दोन गोष्टी करा. घरात तान्हं बाळ असेल तर बोअरचं पाणी आधी तपासून घ्या. आणि नवं तंत्र कुणी दाखवलं, की नुसतं ‘नायट्रेट किती उरलं?’ एवढंच विचारू नका. ‘नायट्रोजन गेला कुठे?’ हेही विचारा.