खुर्ची गेली, खुर्ची आली



1971 च्या युद्धाचा विषय निघाला की जनरल माणेकशा यांचे नाव आपोआप ओठांवर येते. त्याच युद्धात वायुदलाचे प्रमुख असलेल्या प्रताप चंद्र लाल यांचे नाव मात्र आठवावे लागते. लुधियानात 1916 साली जन्मलेला, लंडनमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतलेला हा तरुण महायुद्ध पेटताच वायुदलात दाखल झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने स्क्वाड्रनचे नेतृत्व केले.

1957 मध्ये लाल इंडियन एअरलाइन्सचे महाव्यवस्थापक झाले. 1953 च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक खासगी कंपन्यांची माणसे आणि विमाने या महामंडळात एकत्र आणली गेली होती. सैन्यात आज्ञा दिली की काम होते. प्रवासी, वेळापत्रक आणि कामगार संघटना यांना आज्ञा देता येत नाही. पाच वर्षांनी ते परतले, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी असलेल्या मतभेदांपायी सप्टेंबर 1962 मध्ये त्यांची सेवाच संपुष्टात आणण्यात आली. पुढच्याच महिन्यात चीनचे आक्रमण झाले, मेनन गेले आणि लाल सन्मानाने परत आले. देशाला माणसाची किंमत कळण्यासाठी पराभव व्हावा लागला!

1965 च्या युद्धात ते उपप्रमुख होते. त्यानंतर हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धुरा त्यांच्याकडे आली. आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथे ज्याने मिग विमाने बांधली, तो हाच उद्योग. विमान उडविणारा, विमानसेवा चालविणारा आणि विमान बांधणारा असा अधिकारी जुलै 1969 मध्ये वायुदलप्रमुख झाला. 1965 मध्ये भूदल आणि वायुदल यांच्या योजनांचा मेळ बसला नव्हता, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून 1971 पूर्वी त्यांनी संयुक्त नियोजनावर भर दिला. 3 डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला, तेव्हा आपली विमाने सुरक्षित आडोशाला होती. पुढे मेघना नदी ओलांडताना हेलिकॉप्टरांनी सैनिक पलीकडे नेले, टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले. तेरा दिवसांत ढाका पडले.

जानेवारी 1973 मध्ये निवृत्ती, आणि पुन्हा इंडियन एअरलाइन्स, या वेळी अध्यक्ष म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस कामगारांशी वाद विकोपाला जाऊन टाळेबंदी झाली. मजदूर क्षेत्रात काम करणाऱ्यांना ती कठोर वाटेल, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. आणीबाणीत, 1976 मध्ये, त्यांना हे पदही सोडावे लागले.

जनता सरकारने त्यांना परत बोलावले, आणि येथे मात्र प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. फेब्रुवारी 1978 मध्ये एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते जे. आर. डी. टाटा यांना दूर करून. ज्यांनी ही विमानसेवा जन्माला घातली, त्यांना सरकारने आधी विश्वासातसुद्धा घेतले नाही. त्या मंत्रिमंडळात आपले ज्येष्ठही होते. दोनदा अन्याय सोसलेल्या लाल यांना तिसरी संधी मिळाली ती दुसऱ्यावर झालेल्या अन्यायातून. दोष त्यांचा नव्हता. निर्णयाचा होता, आणि पद्धतीचा त्याहून अधिक.

ऑगस्ट 1982 मध्ये लाल लंडनमध्ये वारले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक पत्नी इला लाल यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केले. 1965 मधील उणिवांविषयी त्यात ते मोकळेपणाने बोलले आहेत.