सटीचे लिखित आणि जनुक

सहाव्या रात्री सटी येते आणि बाळाच्या कपाळावर आयुष्य लिहून जाते, हे पेडणे-डिचोलीत लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. वर्गात जनुक शिकवू लागलो की मुलांचा प्रश्न ठरलेला : "सर, म्हणजे सटीच ना?"

प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. १९९३ साली सिंथिया केनयन यांनी दाखवले की, एक मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीत 'डाफ-२' हे एकच जनुक बदललेले असले, तर तो दुपटीहून अधिक जगतो. हे जनुक इन्सुलिनसारख्या संदेशाचा ग्राहक घडवते. तो संदेश मंदावला की पेशी वाढ सोडून डागडुजीकडे वळते. पण कृमीचे आयुष्य मुळात दोन-तीन आठवड्यांचे! डेन्मार्कमधील जुळ्यांच्या १९९६च्या अभ्यासात, माणसांच्या आयुर्मानातील फरकाचा सुमारे चौथा हिस्साच आनुवंशिक आढळला. बाकीचे तीन हिस्से परिस्थितीचे नि योगायोगाचे.

आता भाषेचे. फळ्यावर मी 'जरेचे जनुक' लिहिले, तेव्हा एकाने विचारले, "जरासे, म्हणजे किती?" तेव्हापासून मी 'म्हातारपण' लिहितो. 'टेलोमिअर' मात्र तसाच ठेवतो आणि सुंभाच्या टोकाची गाठ दाखवतो : पेशी दुभंगते तशी ती झिजत जाते. दोर उसवलेला मुलांनी पाहिलेला असतो.