पट्ट्याचा वाफसा



रावेर-यावल-भुसावळकडच्या आपल्या डॉक्टरांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून माझं नाव पक्कं झालं तेव्हा मी संयोजकांना विचारलं, विषय काय घेऊ? म्हणाले, "सर, मधुमेह घ्या, सगळ्यांना चालतो." चालतो खरा. आपल्या भागात तर तो घरोघरी चालत गेलाय. पण त्यावर सकाळपासून तीन व्याख्यानं झाली आहेत आणि चौथ्याला तुम्ही जेवणाच्या मंडपात असाल. शिवाय फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचं नाव काढल्याशिवाय आपल्याकडे अध्यक्षीय भाषण सुरू होत नाही. ते काढलं. आता कामाचं बोलू.

मी बोलणार आहे वजन उतरवण्यासाठी जठराला बांधलेल्या एका पट्ट्याबद्दल आणि त्यात भरायच्या चार-सहा मिली पाण्याबद्दल. आपल्या सावद्यासारख्या गावात असला पट्टा कोण बांधतो, असं तुम्ही म्हणाल. कोणीच नाही. पण बांधलेली माणसं सावद्यात येतात. लग्नाला येतात, दहाव्याला येतात, केळीच्या हिशोबाला येतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, लग्नसराई. ऑस्ट्रेलियात राहणारी इथलीच एक लेक भाच्याच्या लग्नाला आलेली. हळदीच्या दिवशी वरण-बट्टीची पंगत होती. तुपात कुस्करलेल्या बट्टीचे दोन घास गेले, तिसरा छातीत अडकला. त्यानंतर दीड दिवस उलट्या. दोन दवाखाने झाले होते. पित्ताचं इंजेक्शन, उलटीचं इंजेक्शन, सलाईनच्या तीन बाटल्या. तिसरा दवाखाना माझा, आणि खरं सांगतो, मीही चौथी बाटली लावायच्याच बेतात होतो. तिची आई म्हणाली, "डाक्टर, हिच्या गयाखाली पानी बी उतरत नही." मग माझं लक्ष पोरीच्या हाताकडे गेलं. स्टीलचा पेला धरून ती मिनिटा-दोन मिनिटांनी त्यात थुंकत होती. पित्ताचा पेशंट आपली लाळ गिळतो. हिला तीही गिळता येत नव्हती.

टेबलावर घेऊन पोट तपासलं. बेंबीच्या वर, डावीकडे, कातडीखाली जुन्या रुपयाएवढं काहीतरी टणक आणि गोल लागलं. "हे काय?" तिने आधी आईकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या दोन मावश्यांकडे. मी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा हळूच म्हणाली, "बँड आहे सर. घरी माहीत नाही." आधीच्या दोन्ही ठिकाणी तिने हे सांगितलं नव्हतं, कारण दोन्ही ठिकाणी मावश्या आत होत्या. आपल्याकडे पेशंट तपासायला अर्धी गल्ली येते आणि आपण तिला खुर्च्या देतो.

आता हे यंत्र काय आहे ते थोडक्यात. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं, तिथे खालच्या अंगाला सिलिकॉनचा एक पट्टा बांधतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फुगा असतो. त्याला बारीक नळी, आणि नळीचं तोंड पोटाच्या कातडीखाली शिवलेल्या छोट्या डबीला, म्हणजे पोर्टला. पोर्टमध्ये सुई टोचून सलाईन भरलं की फुगा फुगतो, वाट अरुंद होते. काढलं की मोकळी होते. युक्रेनी वंशाचे आणि अमेरिकेत काम करणारे लुबोमिर कुझमाक यांनी १९८६ साली असा कमी-जास्त करता येणारा पट्टा वापरला. इथिओपियात जन्मलेले मितिकु बेलाच्यू यांनी १ सप्टेंबर १९९३ ला बेल्जियममधल्या ह्यूई या गावी तो दुर्बिणीतून पहिल्यांदा बसवला. जठर कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, नको झालं तर काढता येतं. त्यामुळे काही वर्षं याची चलती होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या वजनाच्या शस्त्रक्रियांपैकी साधारण एक तृतीयांश पट्ट्याच्या होत्या, २०१९ पर्यंत ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. आपल्याकडेही आता मुख्यतः जठर कापणाऱ्या स्लीव्ह आणि आतडं जोडणाऱ्या बायपास शस्त्रक्रिया होतात. पण फॅशन गेली तरी पोटात बसलेले पट्टे तसेच राहतात आणि बांधणारे सर्जन निवृत्त होतात. म्हणून हा विषय आता मोठ्या शहरातल्या खास दवाखान्याचा राहिलेला नाही, तुमच्या-माझ्या ओपीडीचा झालाय.

त्या दिवशी पोरीच्या पट्ट्यातलं पाणी काढायचं ठरलं, पण अडलं ते सुईपाशी. पोर्टला साधी सुई टोचली तर पडद्याचा तुकडा कापला जातो आणि पुढे गळती लागते, म्हणून टोक वाकवलेली हूबर सुई लागते. सावद्यात ती कुठे मिळणार? मग आठवलं, कॅन्सरच्या पेशंटच्या छातीतल्या केमो पोर्टलाही हीच सुई. जळगावला फोन केला, नवरदेवाचा चुलतभाऊ मोटरसायकलवर गेला आणि हळदीच्या पिवळ्या हातानेच पुडकं घेऊन आला. (सुई मिळतच नसेल आणि पेशंटचा जीव घाबरा झाला असेल, तर साध्या बारीक सुईने पाणी काढा. पोर्ट बदलता येतो.)

तिला आडवं केलं, मान उचलायला लावली. पोटाचे स्नायू ताठले तशी डबी वर आली. कातडी नीट स्वच्छ केली, डबी दोन बोटांत पकडली आणि सुई सरळ उभी खाली नेली, तळाला टक्क लागेपर्यंत. सिरिंज ओढावी लागली नाही; पाणी आपणहून आल्यासारखं आलं. स्वच्छ, साडेसहा मिली. गढूळ आलं असतं तर मी घाबरलो असतो, कारण मग जंतुसंसर्ग किंवा पट्टा जठराच्या भिंतीत रुतल्याची शंका. सुई काढली, तिला उठवून बसवलं, पाणी दिलं. एक घोट घेऊन ती थांबली. मी आणि सिस्टर दोघेही तिच्या गळ्याकडे बघत होतो. दुसरा घोट. तिसरा. मग पेला खाली ठेवून म्हणाली, "मंडपात पन्हं असेल का अजून?"

रात्री मी तिच्या सर्जनला फोन लावून दिला. त्यांनी तिला विचारलं, विमानात बसण्याआधी पाणी भरून घेतलं होतं का? घेतलं होतं, चार दिवस आधी. लग्नात जास्त खाल्लं जाऊ नये म्हणून तिनेच थोडं जास्त मागितलं होतं. त्यात लांबचा विमानप्रवास, जागरण, घाईचे घास. पट्टा दिवसभर सारखा नसतो. बऱ्याच जणांना तो सकाळी घट्ट आणि संध्याकाळी सैल वाटतो, बायकांना पाळीच्या दिवसांत आवळतो, ताण आला की आवळतो. मिलीचा आकडा तोच राहतो, घशाखालची वाट मात्र बदलते.

मित्रांनो, आपण सगळे केळीवाल्यांच्या घरातले. ठिबकचं वेळापत्रक आपल्या घरात भिंतीवर टांगलेलं असतं. लागवडीला झाडामागे दिवसाला चार-पाच लिटर, घड भरताना भर उन्हाळ्यात वीसेक लिटर. पण माझे काका ते वेळापत्रक वाचून कॉक फिरवत नसत. बुंध्याजवळची वीतभर माती उकरायचे, मुठीत दाबून गोळा करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. गोळा फुटून मोकळा झाला की वाफसा. चिखलासारखा चपटा बसला की पाणी बंद. गोळाच झाला नाही तर कॉक उघडा. वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही मुळाला मिळतात अशी जमिनीची स्थिती. काळ्या जमिनीत तो साधणं किती अवघड ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पाणी जास्त झालं तरी केळीची वाढ खुंटते, हे नव्या माणसाला पटत नाही. तो पिवळं पान बघतो आणि आणखी पाणी सोडतो.

मीही तेच केलं. आपल्याच भागातले एक व्यापारी, मुंबईला पट्टा बसवून आलेले. दर वेळी दोन दिवस मोडून मुंबईला जाणं जमत नाही म्हणून माझ्याकडे यायला लागले. आधीच्या पेशंटमुळे मला वाटत होतं की हे आपल्याला येतं. ते म्हणाले, वजन हलत नाही, भरा. मी अर्धा मिली भरलं. महिन्याने वजन एक किलो वाढलं. पुन्हा अर्धा. पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा सिरिंज हातात घेतली आणि सहज विचारलं, काल काय काय खाल्लंत? भाकरी अडकते म्हणून सोडलेली. पोळी अडकते, भात चिकटतो, भरीत-कळण्याची भाकरी बंद. मग पोट कशावर? सकाळी शिकरण, दुपारी श्रीखंडाची वाटी, चार वाजता ज्यूस, रात्री आइस्क्रीम. हे सगळं वितळून पट्ट्यातून घसरत खाली जातं, कितीही आवळा. पट्टा मी चिखल होईपर्यंत भरला होता आणि पिवळं पान बघून आणखी भरायला निघालो होतो. पाऊण मिली काढून टाकलं. पंधरा दिवसांनी ते सांगायला आले की भाकरीचा चतकोर नीट चावून उतरतो आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. त्या महिन्यात वजन दोन किलो उतरलं. पाणी काढून वजन उतरलं, हे मला माझ्या चुकीनेच शिकवलं.

मेलबर्नचे पॉल ओब्रायन यांनी यासाठी तीन रंग सांगितले आहेत. पिवळा म्हणजे सैल: भूक लागते, ताट मोठं होतं, दोन जेवणांच्या मध्ये डबा उघडला जातो. हिरवा म्हणजे लहानशा जेवणाने भागतं, काही तास खाण्याची आठवण येत नाही, आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरतं. लाल म्हणजे घट्ट: घास अडकतो, उलटी होते, आंबट पाणी वर येतं, गोड-पातळ खाणं सुरू होतं, आणि रात्री आडवं झालं की खोकला. या शेवटच्या लक्षणाजवळ थांबा. रात्रीचा खोकला म्हटलं की आपल्याकडे दम्याचा पंप निघतो नाहीतर छातीचा एक्स-रे. पोटावर हात फिरवायला तीस सेकंद लागतात.

आणि हा पट्टा नुसता बाटलीच्या मानेसारखा अडथळा आहे, ही समजूतही सोडा. बरोबर भरलेला असतो तेव्हा त्याच्या जागी पाऱ्याच्या पंचवीस-तीस मिलिमीटर इतका दाब राहतो. प्रत्येक घास दोन ते सहा आकुंचनांनी पुढे सरकतो, आणि त्या दाबाने मज्जातंतूंना पोट भरल्याचा निरोप जातो. अन्न वर साठून राहायला लागलं तर ते यश नव्हे, बिघाड आहे.

आकड्याबद्दल अजून एक. "माझ्या मेव्हण्याला चार मिलीने फरक पडला, मलाही चार भरा" असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, पट्टा कोणता? जुन्या काही पट्ट्यांत जेमतेम चार मिली मावतात, नंतरच्यांत दहा, मोठ्यांत चौदा. चार मिली एकाला गळफास, दुसऱ्याला काहीच नाही. आकडा एकच असला तरी शरीर एक नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला जोडफोटो काहींना आठवत असेल. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. आपण मराठी माणसं यातल्या कोणत्या बाजूला, ते आरशात बघून ठरवा. फोटो बघून मी दोन दिवस बट्टी सोडली होती.

भरण्याचं काम तुम्ही करावं असं माझं म्हणणं नाही. पहिलं पाणी शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांनी, पुढे थोडं थोडं, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. ते अनुभवी हातांकडे राहू दे. काढायला मात्र आपल्याला आलं पाहिजे, कारण काढायची वेळ रात्री अकरानंतर येते. किती आलं ते कागदावर लिहून पेशंटच्या हातात द्या. आधी लिहिलेल्यापेक्षा कमी आलं तर कुठेतरी गळती आहे. पाणी काढूनही उलट्या थांबल्या नाहीत, किंवा पोट सतत दुखत असेल, तर वाट बघू नका. पोटाचा साधा एक्स-रे काढा. जागेवर असलेला पट्टा तिरप्या रेघेसारखा दिसतो. गोल कड्यासारखा दिसला तर सरकलाय, लगेच पुढे पाठवा. आणि कितीही दिवस उलट्या चालू असोत, ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-वनचं इंजेक्शन द्या. नाहीतर पोटाचा पेशंट मेंदूचा होतो. त्या पोरीला आधी लागलेल्या तीन बाटल्यांत काय होतं, ते मी नंतर मुद्दाम विचारलं नाही. चौथीत काय लावणार होतो ते मला माहीत आहे.

ती पोर दर दिवाळीला मला फोन करते. आता साडेपाच मिलीवर आहे आणि आईला सगळं सांगून झालंय. आईचं म्हणणं, एवढे पैसे पाण्याला कशाला घातले.

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात तीन हूबर सुया आहेत, दोन सरळ दांड्याच्या, एक वाकड्या. मुदत मी दर चैत्रात बघतो. तुमच्याकडे असा कोणी आला तर बेल वाजवा. दोनदा वाजवा, एका बेलला मी उठत नाही. आता बट्टी निवायच्या आत जेवायला चला.